जळू द्यायची तार

ईरा आणि अर्णव,

मागच्या महिन्यात मी तुम्हाला कोतवाल पक्ष्याचा फोटो पाठवला होता. आपल्या मागच्या कुंपणापलीकडे डीपी आहे, म्हणजे दोन खांबांच्या मधे बसवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वरच्या तारेवर तो बसला होता. मला वाटलं, तुम्ही पक्ष्याबद्दल विचाराल. ईराने विचारलं, "आजी, खाली त्या तीन नळ्या कसल्या आहेत? एक उलटी लटकते आहे. तुटली का?" मी उत्तर दिलं की तुटली नाही, पडली आहे, सविस्तर नंतर सांगते. त्याच आठवड्यात दुधरामभाऊ गेले. त्या नळ्यांबद्दल मला जे काही कळतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. ते गेल्यावर उत्तर पुढे ढकलावंसं वाटेना.

म्हणून रोज सकाळी चहा झाल्यावर तासभर बसून हे लिहिते आहे. तुम्ही मराठी अडखळत वाचता हे मला ठाऊक आहे, तेव्हा माझी वाक्यं मी सोपी ठेवली आहेत. दुधरामभाऊंचं बोलणं मात्र ते जसं बोलत तसंच ठेवलं आहे. ते आपल्या सानगडीचं बोलणं आहे. अडलात तर मोठ्याने वाचा, म्हणजे समजेल.

आधी वस्तू सांगते, मग माणूस.

तुमच्याकडे विजेच्या तारा जमिनीखालून जातात. आमच्याकडे त्या शेतांवरून, तलावाच्या काठाने, मोहाच्या झाडांना चुकवत खांबांवरून येतात. डीपीवर तारा उतरतात तिथे तपकिरी चिनी मातीच्या तीन दांड्यांवर तीन नळ्या तिरप्या बसवलेल्या असतात. त्यांना इथे सगळे 'डीओ' म्हणतात. प्रत्येक नळीच्या पोटात एक बारीक तार असते. वीज हद्दीपेक्षा जास्त वाहू लागली की ती तार वितळते, नळीची वरची पकड सुटते आणि नळी खाली डोकं करून लटकते. पुढचा पुरवठा बंद. लांबूनही दिसतं की डीओ पडला. मग लाइनमन येतो, लांब काठीने नळी काढतो, नवीन तार ओवतो आणि नळी परत चढवतो. बस, एवढंच. त्या बारीक तारेचं काम एकच, वेळ आली की जळणं.

हे सगळं मी इंग्रजी शिकवणारी बाई असून सांगू शकते, याचं श्रेय दुधराम कापगते यांना.

मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले आणि शाळेत रुजू झाले तेव्हा त्यांना लाइनमन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ठेंगणे, काळेसावळे, खांद्यावर दुपट्टा आणि सायकलच्या दांडीला बांधलेली ती लांब काठी. ही काठी इतकी लांब होती की ते वळणावर आले की समोरचा माणूस आपोआप बाजूला होई. शर्टाच्या डाव्या खिशात फ्यूजच्या तारेची गुंडाळी असे. उजव्या खिशात तंबाखू. दोन्हींची कधी गल्लत झाली नाही, असं ते अभिमानाने सांगत.

त्यांचं काम मी कितीतरी वेळा कुंपणाजवळ उभी राहून पाहिलं आहे. आधी खालचा स्विच पाडायचा. मग साखळी तारेवर टाकायची, म्हणजे चुकून राहिलेली वीज जमिनीत जाईल. मग काठी तिन्ही तारांना एकेकदा लावायची आणि म्हणायचं, "झोपली." त्यानंतरच शिडीला हात. एका मिनिटाचं काम असलं तरी हाच क्रम. एकदा मी म्हटलं, "दुधरामभाऊ, साखळी तर आत्ताच टाकली होती ना?" ते म्हणाले, "तवा टाकली होती, बाई. आता आता आहे."

लाइट गेली की लोक त्यांना रस्त्यात गाठत. "कवा येईन गा दुधराम?" ते न थांबता म्हणत, "येते ना! पाहुनी आहे का थे? लेक आहे गावची, येईन." कोणी फ्यूजला शिवी दिली तर मात्र सायकलवरून उतरत. "फ्यूज म्हंजे गावातला सगळ्यात गरीब मानूस. सगळ्याइच्या आधी थो मरते, अन् शिव्याबी त्यालेच."

तिन्ही डीओंना त्यांनी नावं दिली होती: लाल्या, पिवळ्या, निळ्या. ट्रान्सफॉर्मरच्या तीन तारांना लाइनमन लोक लाल, पिवळी, निळी असंच ओळखतात, म्हणून. पण ते बोलत असत ते घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलावं तसं. "निळ्याची नळी फुगली बाई पान्यानं. आता वेळेवर पडाचा नाही थो." किंवा, "पिवळ्याचं वरचं बोट झिजलं. धरते, पन घट्ट नाही धरत." या वस्तू म्हाताऱ्या होतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी समजत होते, वस्तू एक तर चालते नाहीतर तुटते. दुधरामभाऊंनी सांगितलं की मधली बरीच वर्षं असतात, आणि लाइनमनचं खरं काम त्या वर्षांत असतं.

डिसेंबरच्या धुक्यात ते सकाळी सायकलवरून निघत आणि प्रत्येक डीपीखाली मान तिरपी करून उभे राहत. एकदा त्यांनी मला बोलावलं. "बाई, या इकडं. चूप राहा अन् ऐका." मी शाल गुंडाळून गेले. काही ऐकू येईना. मग आलं. तेलात मोहरी तडतडावी तसा अगदी बारीक आवाज.

"हे काय?"

"लाल्याच्या चिनी मातीले तडा आहे. उन्हात दिसत नाही. धुकं आत शिरते अन् मंग थो खोकलते."

त्यांनी गेरूने खांबावर एक फुली मारली आणि पुढच्या डीपीकडे गेले. निवृत्त झाल्यावरही हा परिपाठ चालू होता. पुढे त्यांचे कान गेले. तेव्हा त्यांच्या वहिनी, कौशल्याबाई, त्यांच्याबरोबर खांबाखाली उभ्या राहत. दोघं सत्तरीपलीकडची. ते ओरडून विचारत, "लाल्या?" त्या हाताने खूण करत, चूप. "पिवळ्या?" चूप. "निळ्या?" एखाद्या दिवशी त्या कानाला हात लावत, आणि मग हे दोघं काठी टेकत नव्या लाइनमनच्या घरी सांगायला जात. तो त्यांना चहा देई. आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहतही असे, हे मी त्याच्या बाजूने नमूद करते.

कौशल्यावहिनींबद्दल नीट सांगायला हवं. दुधरामभाऊंची आई ते लहान असताना गेली. मोठ्या भावाची बायको या घरात आली तेव्हा हे आठ-नऊ वर्षांचे होते, आणि तिनेच त्यांना वाढवलं. पुढे त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, मोठा भाऊ वारला, पण चूल एकच राहिली. वहिनींच्या उजव्या हाताची तीन बोटं तळव्यात वळलेली होती. सगळी कामं त्या डाव्या हाताने करत. मी समजले होते, जन्मापासून असेल. विचारणं बरं दिसलं नसतं.

त्या दोघांचं भांडण पाहण्यासारखं असे. दुधरामभाऊ जास्तीच्या तीन नळ्या घरी ठेवत. नळीला ओल लागली तर ती आतून खराब होते, म्हणून त्या घरातल्या सर्वांत कोरड्या जागी, धानाच्या ढोलीजवळ, म्हणजे कणगीजवळ, तोंड खाली करून टांगलेल्या. वहिनी मला म्हणायच्या, "पाहा जी बाई, पावसाळ्यात धान भिजला तं याले चालते. नळ्या नाही भिजल्या पायजे!" हे म्हणत, "धान वाळवता येते, वयनी. नळी नाही वाळवता येत." त्या म्हणत, "मंग नळीचाच भात खाजो आज." आणि ताट वाढत.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो अर्जांमुळे. जुन्या नळ्या आणि तडकलेल्या दांड्या बदलून मिळाव्यात म्हणून ते ऑफिसला अर्ज करत. त्यांचं अक्षर चांगलं होतं, पण त्यांना वाटे की बाईंनी लिहिला तर साहेब वाचेल. ते दुपट्ट्यात गुंडाळून जुनी नळी आणत आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर ठेवत. तुमच्या आजोबांना ते चालत असे. ते जनावरांचे डॉक्टर, त्यांनी टेबलावर याहून भयंकर गोष्टी ठेवल्या आहेत.

"वास घ्या, बाई."

मी वास घेतला. जळक्या कागदाचा होता.

"दरखेपेस तार जळते तवा नळीचं पोटबी जरासं जळते. दहादा, वीसदा झालं का आतून कोळसा. मंग तार जळली तरी आग इझत नाही आत. हे लिवा."

"आणखी काय लिहू?"

"असं लिवा का साहेबाले रागबी नाही आला पायजे अन् झोपबी नाही आली पायजे."

सत्तावीस वर्षं शिकवलं, पण लेखनाची याहून चांगली व्याख्या मला मुलांना सांगता आली नाही.

उत्तरं येत. 'साहित्य उपलब्धतेनुसार बदलण्यात येईल.' पहिलं उत्तर घेऊन ते माझ्याकडे आले. "उपलब्धतेनुसार म्हंजे कवा?" मी म्हटलं, "म्हणजे तारीख नाही." त्यांनी कागद परत मागून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे तवरक मीच." कागदाची घडी करून त्यांनी डाव्या खिशात तारेजवळ ठेवली. तोवर ते काय करत, तर झिजलेली बोटं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करत, ढिली झालेली स्प्रिंग वाकवून घट्ट करत, तडकलेली दांडी पुसून पुसून कोरडी ठेवत. नवं मिळेपर्यंत जुन्याला सांभाळणं. त्यात त्यांची बरीचशी नोकरी गेली.

एक गोष्ट मला समजत नव्हती. बाकीच्या गावांत लाइनमन सरळ दोन पदर घालून किंवा चार पदर घालून तार जाड करत. मग डीओ पडतच नाही. लोक खूश. दुधरामभाऊ एक पदर म्हणजे एकच पदर. कोणी किती विनवलं, चहा पाजला, शिव्या दिल्या, तरी नाही. शांत माणूस, पण या एका गोष्टीवर दगड.

त्याचं कारण मला वहिनींनी सांगितलं. एका दुपारी मी लाखोळीची डाळ आणायला गेले होते. त्या सुपात डाळ पाखडत होत्या, डाव्या हाताने सूप धरून, उजव्याचं मनगट खालून लावून. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू द्या, बाई. याच हातानं तीस साल झाले." आणि विचारलं नसताना सांगू लागल्या.

दुधरामभाऊंच्या नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष. त्या वर्षी पहिल्यांदाच गावात बऱ्याच लोकांनी उन्हाळी धान लावला होता आणि विहिरींवर मोटारी बसवल्या होत्या. डीओ सारखा पडे. लोकांनी गळ घातली, आणि तरुण दुधरामने तुटलेल्या मोठ्या तारेतला एक पेड काढून डीओत घातला. खालच्या पेटीतल्या फ्यूजमध्येही तसाच घातला. सबंध हंगामात एकदाही लाइट गेली नाही. धान उत्तम पिकला. हनुमानाच्या मंदिरासमोर गावाने सभा भरवून त्यांना शेला आणि नारळ दिला.

"लगित शोभला होता थो शेला," वहिनी म्हणाल्या. लगित म्हणजे खूप. "मीच घडी करून ठेवला."

जाड तार तशीच राहिली. दीड महिन्याने पहिलं वादळ आलं. खांबावरून पुढे गेलेली एक तार तुटून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडली. बारीक तार असती तर त्या क्षणी जळाली असती आणि तुटलेल्या तारेत वीज राहिली नसती. जाड तार जळाली नाही. वहिनी सकाळी धुऱ्यावर गवत कापत होत्या. विळा त्या तारेला लागला. दुधरामभाऊंच्या भावाने वाळल्या बांबूने तार दूर केली म्हणून जीव वाचला. हात असा झाला.

"गावानं म्हनलं, वादळ होतं, नशीब होतं. कोनाले समजलंबी नाही," त्या सांगत होत्या. "यालेच समजलं. चौथ्या दिवशी शेला घेऊन मंदिरात गेला अन् सगळ्याइसमोर सांगितलं का हे माह्या हातानं झालं. साहेबालेबी जाऊन सांगितलं. सहा महिने घरी बसवलं त्याले. बाई, लोक काय म्हनले माहीत आहे? म्हनले, तुहा काय दोष गा, आमीच तं म्हनलो होतो. थे त्याले लगित लागलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी म्हनलं, भाऊजी, भात वाढाले डावा हात आहे ना."

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहिते आहे तो दिवस.

तुमचे बाबा तेव्हा अकरावीत होते. मार्च संपत आला होता आणि शाळा सकाळची होती. त्या वर्षी आमच्या डीपीवर अकरा मोटारी झाल्या होत्या. उन्हाळी धान गर्भात आला होता. त्या आठ-दहा दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी नसेल तर लोंबी भरत नाही, मग पुढे कितीही पाणी द्या. शेतीची लाइन सकाळी दहाला येई आणि पाच मिनिटांत डीओ पडे. दुधरामभाऊ चढवत, पुन्हा पडे. तीन दिवस हे चाललं.

कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. प्रत्येकाने मोटारीच्या पेटीत ऑटो स्विच बसवला होता, म्हणजे लाइन आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू व्हावी. शेजाऱ्याची आपल्याआधी सुरू होऊ नये म्हणून. त्यामुळे अकराही मोटारी एकाच क्षणी उठत. मोटार उठताना सर्वांत जास्त वीज ओढते. म्हाताऱ्या डीओंचं काय चालणार?

चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा डीपीखाली वीस-पंचवीस माणसं होती. पुढे मोरेश्वर. त्याची पाच एकर धानाची जमीन याच डीपीवर होती आणि आवाज गावात सर्वांत मोठा होता. त्याच्या हातात मोठ्या तारेचा पेड होता. दुधरामभाऊ शिडीला पाठ लावून उभे होते.

"दोन दिवसासाठी टाक म्हनतो ना गा," मोरेश्वर म्हणाला. "दोन दिवसानं काढ. कोनाले समजून राहिलं?"

"नाही."

"धान वाळून चालला! तुहं काय जाते? तुले तं पगार येते पयल्या तारखीले!"

"माह्या घरचाबी धान याच लाइनीवर आहे, मोरेश्वर. वयनीच्या दोन बांध्या आहेत."

"मंग त्याइच्यासाठी तरी टाक!"

मागून कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्या गावचे लाइनमन टाकते. यालेच कायदा सुचते." कोणीतरी बदलीचा अर्ज करू म्हणालं. मोरेश्वर पुढे आला. "सरक. तुह्याच्यानं नाही होत तं आमीच टाकतो."

दुधरामभाऊ सरकले नाहीत. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी मागून घट्ट धरली, ते मला कुंपणातूनही दिसलं. पण आवाज चढला नाही.

"टाकतो ना. मीच टाकतो. पन एक नाव सांग. तार तुटून पडन तवा धुऱ्यावर कोन राहीन, थे एक नाव सांग. तुह्या बायकोचं सांगतं? माह्या बायकोचं? सांग. नाव सांगलं का टाकतो."

सगळ्यांच्या नजरा एकदम बाजूला उभ्या असलेल्या कौशल्यावहिनींकडे गेल्या आणि तितक्याच लवकर तिथून फिरल्या. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. मोरेश्वर वाईट माणूस नव्हता. तो गोंधळला. पण त्याचा धान वाळत होता हेही खरं होतं. तो आवाज जरा खाली आणून म्हणाला, "वयनी, तुमीच सांगा याले काही."

वहिनींनी डबा शिडीच्या पायरीवर ठेवला.

"मोरेश्वर, तलावाचं पानी आपन कसं घेतो गा?"

"कसं म्हंजे? पाळीनं. पानकर सांगते तसं."

इथे तुम्हाला सांगायला हवं. आपल्या भागातले तलाव शेकडो वर्षांचे. तलावाचं पाणी शेतांना सोडायचं तर गावाने नेमलेला पाणकर असतो. तो ठरवतो आज कोणाची बांधी, उद्या कोणाची. कितीही मोठा शेतकरी असो, पाणकराच्या शब्दाबाहेर तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडत नाही.

"कोनी म्हनते का," वहिनी म्हणाल्या, "तुडूम फोडा, आमाले सगळ्याइले आजच पायजे?"

"वयनी, थे पानी होये. हे करंट होये."

"तुले पानीच पायजे ना? का करंट पेतं?"

मागे दोघं-तिघं हसले. मोरेश्वरलाही हसू आलं, ते त्याने दाबलं.

"ऑटो काढा सगळ्याइनं," वहिनी म्हणाल्या. "चार-चार मोटरा लावा. दोन घंटे याइच्या, दोन घंटे त्याइच्या. जसा तलाव तसा डीओ. जितकं सोसते तितकंच." मग त्यांनी म्हटलं, "माही मोटर आखरीले लावा."

दुधरामभाऊंनी झटकन वर पाहिलं. शेवटची पाळी म्हणजे संध्याकाळपर्यंत लाइन टिकली तर पाणी, नाहीतर नाही. "वयनी..."

"तू तुहं काम कर, भाऊजी."

हे सगळं चांगलं झालं असं मी सांगितलं तर खोटं ठरेल. पहिल्या दिवशी दोघा शेतकऱ्यांनी ऑटो काढलेच नाहीत आणि डीओ पुन्हा पडला. दुधरामभाऊ एकेका विहिरीवर सायकलने जाऊन पेटी उघडून पाहत. मोरेश्वरने पाळ्यांचा कागद केला, आणि एकदा कागद त्याने केल्यावर तो मोडणाऱ्यांवर तोच सर्वांत जास्त ओरडू लागला. तिसऱ्या दिवशी तार टिकली. दिवसभर टिकली. निळ्याच्या नळीकडे खालून पाहत दुधरामभाऊ काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही.

गावाचा धान वाचला. वहिनींच्या दोन बांध्यांपैकी वरची बांधी वाळली. शेवटची पाळी तिथवर पुरली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले होते. दुधरामभाऊ ताटावर बसले होते आणि घास उचलत नव्हते. म्हणाले, "एक पदर जास्त टाकला असता तं बांधी वाचली असती, वयनी." त्यांच्या ताटात डाव्या हाताने भात वाढत त्या म्हणाल्या, "धान पुढच्या सालात येते, भाऊजी. जेव." मी दाराशीच थांबले आणि परत आले. त्या घरात त्या वेळी तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी नव्या नळ्या आणि दांड्या आल्या. चौदावा अर्ज होता. निवृत्तीच्या दिवशी गावाने पुन्हा शेला काढला, तर त्यांनी हात जोडले आणि नारळ तेवढा घेतला.

त्यांना बोलताना मी शेवटचं ऐकलं ते गेल्या ऑक्टोबरमध्ये. ते अंथरुणाला खिळले होते. दुपार होती, उकडत होतं. वहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून मी नुसती हात धरून बसले. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "गेली वाटते मसनात!" आणि लाइनमनला फोन लावू लागली. दुधरामभाऊंनी डोळे उघडले, पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे पाहिलं, आणि बोट वर करून सुनेला थांबवलं. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"पडला असन," ते म्हणाले. "पडू द्या. काम करून राहिला थो."

वहिनींनी डाव्या हाताने विंझणा घेतला आणि त्यांना वारा घालू लागल्या. पाऊण तासाने लाइट आली, तोवर त्यांना झोप लागली होती. मी हळूच उठून घरी आले. पौषात ते गेले.

या वर्षीची उन्हाळी रोवणी झाली आहे. मोरेश्वरच्या मुलाने पाळ्यांचा कागद केला आणि मंदिराच्या भिंतीवर चिकटवला. डीपीवर आता चौदा मोटारी आहेत. एकाही पेटीत ऑटो स्विच नाही, आणि तिन्ही डीओंमध्ये एकच पदर आहे. कौशल्यावहिनींची मोटार अजून शेवटच्या पाळीत आहे. बदला म्हटलं तर त्या बदलू देत नाहीत.

तुमची,
आजी